रेडिओ लावून भरलेलं पाणी

"अहो, जरा येऊन बघता का? ही काय धार आहे? करंगळीएवढीसुद्धा नाही. वरच्या टाकीत पाणी चढायचं कसं?"

टेलरभाऊंची बायको न्हाणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. टेलरभाऊंनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या, मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून नळाकडे पाहिलं. धार करंगळीएवढी नव्हती, चांगली अंगठ्याएवढी होती. पण धारेच्या जाडीवरून बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं.

"बघतो काहीतरी," ते म्हणाले.

मंडळी, असं 'बघतो काहीतरी' आपण सगळेच म्हणतो. त्या बघण्यातून पुढे काय झालं ते सांगायलाच ही गोष्ट लिहायला घेतली आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टेलरभाऊ म्हणजे गावचे शिंपी; दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांच्या मशीनशेजारच्या बाकावर बसून चकाट्या पिटल्याशिवाय गावाला दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. शिवाय ते गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते, आणि ते पद त्यांना कुणी खिरापत म्हणून वाटलेलं नव्हतं. घरोघरी पिण्याच्या पाण्याचा नळ देण्यासाठी सरकारने निधी ठेवलाय, हे कानावर आल्यापासून या माणसाने दुकान अर्धवेळ बंद ठेवून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. साहेब जागेवर नाहीत, साहेब जेवायला गेलेत, साहेबांची बदली झाली. ऐकून ऐकून कान किटले, पण गडी काही हटला नाही.

हटला नाही, त्याला कारण होतं त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा घरचं पाणी आक्काच्या डोक्यावर आलं. टेकडीखालच्या विहिरीवरून हंडे वाहता वाहता तिचं बालपण सरलं, मग लग्न झालं तेही त्याच गावात, आणि विहीर काही सुटली नाही. धाकट्या भावाला मात्र तिने कधी हंड्याला हात लावू दिला नाही. त्याला शिवणकाम शिकायला पाठवलं. तिची मान पुढे झुकली ती झुकलीच. आक्काच्या दारात नळ आणायचाच, अशी खूणगाठ टेलरभाऊंनी मनाशी बांधली होती.

आणि त्यांनी तो आणला! निधी मंजूर झाला, टाकी उभी राहिली, गल्लीगल्लीतून पाइप गेले. आक्काचं घर त्यांच्याच गल्लीत, पण अगदी टोकाला, शेवटचं. तिथे पहिल्यांदा पाणी पोचलं तेव्हा आक्काच्या सुनेने नळाखाली ओंजळ धरली आणि ती नुसतीच हसत राहिली. मोठी गुणाची पोर. नवरा टेम्पो घेऊन सारखा बाहेर, तरी सासूला कधी एकटं वाटू दिलं नाही तिने. त्या दिवशी तिने नळाचं पाणी भांड्यात घेतलं, फडक्याने गाळलं आणि विहिरीच्या पाण्यासारखं चुलीवर उकळायला ठेवलं.

टेलरभाऊ हसून म्हणाले, "अगं सूनबाई, आता कशाला उकळतेस? हे सरकारी योजनेचं पाणी आहे. टाकीत औषध पडतं, तपासणी होते. सरळ पेला भर आणि पी!"

"खरंच, मामा? चालेल?"

"चालेल म्हणजे? अध्यक्ष सांगतोय तुला!"

सूनबाईने चुलीवरचं भांडं उतरवलं. त्या दिवसापासून त्या घरात पाणी उकळणं थांबलं.

आता पुन्हा त्या करंगळीएवढ्या धारेकडे वळू. टेलरभाऊंचा मुलगा शहरात नोकरीला. सुट्टीत तो बायकापोरांना घेऊन येणार म्हणून भाऊंनी घरावर एक खोली चढवली होती, तिला न्हाणी, न्हाणीला शॉवर. शहरातल्या सुनेला गावात काही कमी पडायला नको! पण नळाचं पाणी त्या उंचीवरच्या टाकीत चढेना. भाऊ वायरमनकडे गेले.

"त्यात काय भाऊ? छोटी मोटार थेट नळाला जोडा. बघा कशी टाकी भरते."

"अरे, पण ते मना आहे. मीच सभेत बजावून सांगितलंय लोकांना."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि तुम्ही गावाला नळ आणलात, तुमचा एवढाही हक्क नाही?"

हे शेवटचं वाक्य भाऊंना गोड लागलं. आपल्यालाही लागलं असतं.

मोटार आली. न्हाणीत कोपऱ्यात बसली. वरून प्लॅस्टिकचा टब पालथा घातला, म्हणजे कुणाच्या नजरेला पडायला नको. पण टबाखालून घरघर ऐकू यायची, म्हणून बायकोने पाणी यायच्या वेळेला रेडिओ मोठ्याने लावायला सुरुवात केली. मुलगा आला, नातवंडं शॉवरखाली मनसोक्त नाचली, सुट्टी संपली, सगळे परत गेले. मोटार मात्र तिथेच राहिली. तात्पुरती म्हणून घरात आणलेली वस्तू कुणी कधी परत नेलेली पाहिलीय का?

आणि शेजाऱ्यांना काय कान नसतात? पलीकडच्या किराणा दुकानदाराने दोन दिवस कानोसा घेतला आणि तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. "अध्यक्षांच्या घरी चालते, मग आपणच काय घोडं मारलंय?" त्याच्या नळाला मोटार लागली तशी पुढच्या घरची धार आटली, मग पुढच्यानेही लावली. बघता बघता गल्ली मोटारींनी भरली. सकाळी पाणी आलं की घराघरांतून एकदम रेडिओ सुरू व्हायचे. एका दारातून बातम्या, दुसऱ्यातून गाणी, तिसऱ्यातून पिकांवर कधी काय फवारावं त्याचा सल्ला. नव्याने आलेल्या पोस्टमनला वाटलं, गाव भलतंच शौकीन आहे! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणीच कुणाला बोलत नव्हतं, कारण सगळे एकाच माळेचे मणी.

आक्काच्या घरी रेडिओ नव्हता.

एके दिवशी ती हळूहळू चालत भावाच्या दुकानात आली. टेलरभाऊ तेव्हा इवलंसं झबलं शिवत होते. कितीतरी वर्षं वाट पाहून सूनबाईला दिवस गेले होते, आणि पहिलं झबलं मामाच्या हातचं असायचं हे ठरलेलं होतं.

"शिवतोयस होय रे? गळा मोठा ठेव, बाळाचं डोकं अडकतं," आक्का बाकावर टेकत म्हणाली. "बरं, एका कामाला आले होते. आमच्या नळाला हल्ली पाणीच येत नाही. नुसता फुसफुसतो. सगळ्यांचं भरून झालं, की मग शेवटी जरा येतं, तेवढं हंड्यात धरते. तेही गढूळ. वास मारतं रे."

टेलरभाऊंनी मशीनचं चाक हाताने उगाच मागेपुढे फिरवलं. "नवे पाइप आहेत ना आक्का, वास येतो थोडे दिवस."

"असेल. पण धार का नाही?"

"विजेचा दाब कमी आहे. टाकी नीट भरत नाही. मी लिहितो वर कचेरीत."

आक्काने भावाच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "लिही बाबा. मी विहिरीवर गेले असते, पण आता चढ चढवत नाही. आणि मी निघाले की ती पोर पोट सांभाळत मागून हंडा घेऊन निघते. तिला कसं जाऊ देऊ? म्हणून म्हटलं, तुझ्या कानावर घालावं."

"घातलंस ते बरं केलंस. बघतो काहीतरी."

आक्का गेली. टेलरभाऊंनी ठरवलं, उद्या मोटार काढायची. दुसऱ्या दिवशी बायकोने चादरी धुवायला काढल्या होत्या. मग परवा काढू म्हणाले. परवा आणखी काहीतरी निघालं.

सातवा महिना सरतासरता सूनबाईचे डोळे पिवळे झाले. आधी अन्नावरची वासना गेली, ते दिवसांमुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. मग ताप आला, उलट्या झाल्या, आणि एक दिवस ती नवऱ्याला ओळखेना. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी एका नजरेत तिला मोठ्या दवाखान्यात धाडलं. भाच्याने स्वतःच्या टेम्पोतून नेलं. मागे गाद्या घातल्या होत्या, त्यावर आक्का सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

टेलरभाऊ दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. वॉर्डात दोन खाटांच्या मधे एकच स्टूल होतं, त्यावर भाचा बसला होता. सूनबाई तेवढ्यापुरती शुद्धीवर होती. मामांना पाहून तिने पदर सारखा करायचा प्रयत्न केला, पण हात उचलवेना.

"मामा," ती म्हणाली, "आईंना विहिरीवर जाऊ देऊ नका हं. मी नाही म्हणून त्या जातील. तुम्ही त्यांना तुमच्याकडचं एक हंडा पाणी देत जा, मी येईपर्यंत."

टेलरभाऊ नुसती मान हलवत राहिले आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले.

ती परत आली नाही. आधी पोटातलं मूल गेलं आणि मग ती गेली. मुलगी होती म्हणे.

सगळं आटोपल्यावर डॉक्टरबाई गावात आल्या. खालच्या बाजूच्या आणखी दोन-तीन घरांत कावीळ निघाली होती. पाणी यायच्या वेळेला त्यांनी घरोघरी फिरून बाटल्यांमधे पाणी घेतलं, तपासायला पाठवलं, आणि निकाल आला तेव्हा त्या सरळ अध्यक्षांच्या दुकानात शिरल्या. टेलरभाऊंनी खुर्ची पुसून दिली. आत न्हाणीत टबाखाली घरघर चालली होती आणि माजघरातला रेडिओ ठणाणत होता.

"तो रेडिओ जरा बंद करायला सांगता?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेलरभाऊ जागचे हलले नाहीत. मग बायकोनेच रेडिओ बंद केला. घरभर फक्त घरघर ऐकू येऊ लागली.

"टाकीतलं पाणी स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या घरचंही बरं आहे. सगळ्यात घाण पाणी शेवटच्या घरी. का, ते सांगू? तुमचा पाइप गटाराला लागून जातो. सांध्यातून कुठे ना कुठे गळतं, सगळीकडेच गळतं. पण पाइपात पाणी जोरात असलं तर ते आतून बाहेर गळतं, बाहेरची घाण आत येत नाही. तुम्ही सगळे मिळून मोटारीने ओढता, तेव्हा पाइप रिकामा पडतो आणि त्याच सांध्यातून गटाराचं पाणी आत शोषलं जातं. तुमच्या टाक्या भरल्या, मोटारी बंद झाल्या, की टाकीतून येणारं पाणी ती सगळी घाण पुढे ढकलतं. पुढे म्हणजे कुठे?"

टेलरभाऊ गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळू लागले.

"बाकीच्यांना ही कावीळ येते आणि बरी होते. दिवस भरत आलेल्या बाईच्या मात्र ती जिवावर बेतू शकते."

"अहो बाई, पण सगळ्यांनीच लावल्यात मोटारी!" टेलरभाऊ उसळून म्हणाले. "मी एकट्याने काढून काय होणार? मुळात पाइपच लहान टाकलाय. सरकारने निधी कमी दिला. आणखी थोडा दिला असता तर…"

"निधी कमी असेल तर भांडा. मीही येते तुमच्याबरोबर. पण आहे त्या पाइपातून सावकाश भरलं तर शेवटच्या घरापर्यंत पाणी जात होतं की नाही? पहिल्या दिवशी गेलं होतं ना?"

"गेलं होतं."

"गल्लीतली माणसं मोजूनच तो पाइप टाकलाय. त्यात त्या मुलीच्या वाट्याचं पाणी होतं. आपण काय धरून चालतो, की सरकारी पैसा म्हणजे कुणाचाच नाही, हाताला येईल तेवढा आपला. अहो, तो तुमच्या आक्कांचा पैसा होता! त्या साबण घेतात, काडेपेटी घेतात, त्यावर सरकारला कर जातो. तुम्हाला वाटलं तुम्ही सरकारच्या पाइपाला मोटार लावलीत. तुम्ही ती आक्कांच्या हंड्याला लावलीत."

टेलरभाऊंची बायको आत गेली. घरघर थांबली. ती बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. "मीच मागे लागले होते हो," एवढंच ती म्हणाली.

टेलरभाऊ उठले आणि अनवाणीच गल्लीच्या टोकाला गेले. आक्का उंबऱ्याशी बसून धान्य निवडत होती. आत भाचा भिंतीकडे तोंड करून आडवा पडला होता. टेम्पो दाराशी धूळ खात उभा होता.

"आक्का, आपल्या गल्लीत पहिली मोटार मी लावली."

निवडणारा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं? मग त्या दिवशी दुकानात बोलली का नाहीस?"

"तू कामाला बसलास की तुला रेडिओ खपत नाही. लहानपणापासूनची सवय तुझी. आणि एका सकाळी तुझ्या दारावरून येते, तर आत रेडिओ कोकलतोय. जरा थांबले, मग घरघरही ऐकू आली." आक्काने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "म्हटलं, पोराने गावासाठी इतक्या खस्ता खाल्ल्या, चारचौघांत त्याची अब्रू कशाला घालवू? दुकानात आले तेव्हा वाटलं, मी नुसतं पाणी नाही म्हटलं की त्याला उमजेल. माझा भाऊ आहे, आज ना उद्या काढेल." आता तिचा हात थांबला. "तुझी अब्रू राखायला गेले रे, आणि माझ्या सुनेला घालवून बसले."

टेलरभाऊ मटकन खाली बसले आणि बहिणीचे पाय धरून लहान मुलासारखे रडू लागले. आक्काने त्यांना जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

"ऊठ," काही वेळाने ती म्हणाली. "इथे नको रडूस. इथे ऐकायला कोण आहे? मी आणि हा. गल्लीत जा. उद्या पाणी येईल तेव्हा जा, आणि मला सांगितलंस ते दारोदार सांग."

"लोक काय म्हणतील, आक्का?"

"म्हणू देत. तेवढं तर ऐकून घेशील?"

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, रेडिओ सुरू झाले, आणि टेलरभाऊ स्वतःची मोटार दोन्ही हातांत धरून गल्लीत उतरले. पहिलं दार किराणा दुकानदाराचं. तो घाईघाईने बाहेर आला. "भाऊ, हे काय हो? झालं ते वाईटच झालं. पण ज्याचं त्याचं नशीब, आपण काय करणार?"

"नशीब नाही!" टेलरभाऊ ओरडले. त्यांचा आवाज गल्लीने असा कधी ऐकलाच नव्हता. "नशिबाने नाही गेली ती! आपण मारली तिला! पहिला मी! तिच्या वाटचं पाणी मी ओढलं, तुम्ही ओढलंत, आणि तिला गटार पाजलं! मीच तिला सांगितलं होतं, उकळू नकोस म्हणून. मीच!"

ते तिथेच थांबले नाहीत. प्रत्येक दाराशी गेले, प्रत्येक दाराशी तेच सांगितलं. कुणी मान खाली घातली, कुणी दार लावून घेतलं. एका बाईने आतूनच, "या मोटारींमुळेच माझंही पोर पिवळं पडलं होतं की!" असं म्हणून मोटारीची वायर उपटून अंगणात फेकली. एक एक करून गल्लीतले रेडिओ बंद होत गेले.

सगळे काही त्याच दिवशी शहाणे झाले नाहीत. दुकानदाराने आठवडा घेतला. एकाशी तर हमरीतुमरी झाली. पण समितीने पुन्हा कचेरीत हेलपाटे घालून दुरुस्तीचा निधी मिळवला, गावाने अंगमेहनत दिली, आणि पाइप गटारापासून लांब घेतला. डॉक्टरबाईंनी पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी शेवटच्या घरचं पाणीही चांगलं निघालं.

त्या सकाळी आक्काच्या नळाला पाणी आलं ते भरभरून. तिने हंडा लावला, तो भरला. कळशी लावली, तीही भरली. बादली, पातेलं, सगळं भरलं, तरी धार जोरात चालूच होती. टेलरभाऊ दाराशी उभे होते. आक्काने सवयीने आत वळून आणखी भांडं मागायला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तिने वाकून नळ बंद केला.

"दोन माणसांना लागतं तरी किती?" ती म्हणाली.

मंडळी, आपल्या पैशातून सरकार दारापर्यंत पाइप आणून देतं. तो आणायला भांडावं लागतं, भांडलंच पाहिजे. पण त्या पाइपातून शेजाऱ्याच्या वाटचं ओढायचं नाही, हे काही सरकार येऊन आपल्याला शिकवणार नाही. ते आपलं आपल्यालाच पाळावं लागतं, आणि कुणी पाळत नसेल, अगदी सख्खा भाऊ असला तरी, त्याला तोंडावर सांगावं लागतं. आपल्या गल्लीतलं शेवटचं घर कुणाचं आहे ते एकदा जाऊन बघा, आणि त्यांच्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन बघा. तुमच्या नळाला मोटार असेल तर ती आजच काढा. उद्या काढली तरी चालेल, असं टेलरभाऊंनाही वाटलं होतं.